करवीरनिवासिनी : देवतेची कल्पना

कोल्हापूरची अंबाबाई म्हणजेच करवीरनिवासिनी महालक्ष्मी. देव एक की अनेक, हा प्रश्न या क्षेत्री 'ही देवी नेमकी कोण?' अशा रूपात पुढे येतो, आणि त्याची दोन उत्तरे शेजारी शेजारी नांदतात.

मूर्ती पाषाणाची, चतुर्भुज, पश्चिमाभिमुख, मागे सिंह. हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचे फळ), गदा, ढाल आणि पानपात्र. मस्तकी नाग, लिंग व योनी. रोजच्या नऊवारी साडी-दागिन्यांत यातले बरेचसे झाकले जाते. देवीमाहात्म्य सांगणाऱ्या 'दुर्गासप्तशती' या ग्रंथाला जोडलेल्या 'प्राधानिक रहस्य' या प्रकरणात महालक्ष्मीची हीच लक्षणे सांगितली आहेत. तिथे ती विष्णुपत्नी नव्हे, तर सर्वांच्या आधीची त्रिगुणात्मक (सत्त्व, रज, तम या तिन्ही गुणांची) परमेश्वरी आहे. तिच्यापासून महाकाली व महासरस्वती प्रकटतात आणि तिघींपासून एकेक जोडी जन्मते: ब्रह्मा-लक्ष्मी, शिव-सरस्वती, विष्णू-गौरी. पुढे लक्ष्मी विष्णूला दिली जाते. या हिशेबाने विष्णूची लक्ष्मी ही अंबाबाईची लेक ठरते! मंदिराची मांडणीही याला धरून आहे. मुख्य गाभाऱ्याच्या दोन बाजूंना महाकाली आणि महासरस्वती, तर वरच्या मजल्यावर मातुलिंग हे शिवलिंग.

दुसरे उत्तर कथेतले. भृगूने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, लक्ष्मी रुसली आणि करवीरला येऊन राहिली. तिरुपतीचा बालाजी म्हणजे विष्णूच, म्हणून तिथून नवरात्रात देवीला शालू येतो तो या नात्याने. मूर्तिलक्षणे पहिल्या उत्तराच्या बाजूची आहेत. पण दर्शनाच्या रांगेत त्यावरून कुणाचे अडत नाही.

देवतांमधला मानपान त्र्यंबोली ऊर्फ टेंबलाई या देवीच्या यात्रेत दिसतो. अंबाबाईने केलेल्या कोल्हासुर या असुराच्या वधानंतरच्या सोहळ्यात तिला बोलवायचे राहिले, म्हणून ती टेकडीवर रुसून बसली अशी कथा आहे. ललितापंचमीला अंबाबाईची पालखी तिची समजूत काढायला टेंबलाईच्या टेकडीवर जाते. तिथे कुमारिकेची पूजा होते, तिच्या हातून त्रिशूळाने कोहळा फोडला जातो आणि तुकडे मिळवायला एकच झुंबड उडते. कोहळा हे असुराचे प्रतीक. जगाची आदिमाता धाकटीच्या दारी जाते, यात कोल्हापूरकरांना काही वावगे वाटत नाही.

कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरी या डोंगरावरचा जोतिबाही असाच: ब्रह्मा, विष्णू, महेश आणि जमदग्नी यांचे एकवटलेले रूप मानलेला. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या (देवाच्या मानाच्या उंच काठ्या) आणि गुलालात 'चांगभलं'चा गजर होतो. अनेक घरांच्या देव्हाऱ्यात अंबाबाई, जोतिबा आणि खंडोबाचे टाक (धातूच्या पत्र्यावरच्या छोट्या प्रतिमा) एकत्र पुजले जातात. कुलदैवत एक, ग्रामदैवत दुसरे आणि उपासनेचे दैवत तिसरेच, असेही चालते.