आणीबाणीत कोर्टांना टाळं नव्हतं

‘आणीबाणीत राज्यघटना गुंडाळली होती, कोर्टं बंद होती,’ हे दर जूनमध्ये ऐकू येतं. तसं नव्हतं. २५ जून १९७५ची घोषणा घटनेच्याच कलम ३५२ खाली झाली. दोनच दिवसांनी कलम ३५९ वापरून जीवित-स्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याची वाट अडवली. इंदिरा गांधींची निवडणूक अलाहाबाद हायकोर्टाने रद्द केली होती. अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला, आणि ३९वी घटनादुरुस्ती आली १० ऑगस्टला! पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर. (सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबरमध्ये ती तरतूद उडवली, निवडणूक मात्र राखली, कारण निवडणूक कायदाही मागच्या तारखेपासून बदलून झाला होता.)

खरी गोष्ट मिसाबंदींची, म्हणजे ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली खटल्याविना डांबलेल्यांची. मुंबईसह नऊ हायकोर्टांनी त्यांचे अटकेविरुद्धचे अर्ज ऐकता येतात असं ठरवलं. २८ एप्रिल १९७६ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ते फिरवलं. बहुमतात आपले पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूडही होते. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. जानेवारी १९७७मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग सरन्यायाधीश झाले. खन्नांनी राजीनामा दिला.