माकोला बाजार: 1979 च्या पाडकामाची पार्श्वभूमी

घानाची राजधानी अक्रा येथील माकोला बाजार ब्रिटिश राजवटीत, 1924 साली उभा राहिला. त्यातील बहुसंख्य गाळे पहिल्यापासून स्त्रियांकडे होते. युनायटेड आफ्रिका कंपनीसारख्या युरोपीय पेढ्या विश्वासातील विक्रेत्या स्त्रियांना खातेवहीवर उधार माल देत, तो माल त्या लहान विक्रेत्यांपर्यंत पोहोचवीत आणि अशा रीतीने बंदरापासून खेड्यापर्यंतची पुरवठ्याची साखळी या स्त्रियांच्या बाजारातील पत-विश्वासावर चाले. रोजच्या कमाईतील थोडी रक्कम ‘सुसू’ गोळा करणाऱ्याकडे, आपल्याकडील पिग्मी ठेवीप्रमाणे, जमा होई. प्रत्येक मालाची एक प्रमुख स्त्री असे आणि तंटे तिच्यापुढे मिटत. घानाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते क्वामे एन्क्रुमा यांच्या स्वातंत्र्यपूर्व चळवळीला या स्त्रियांचा पैसा आणि पाठबळ दोन्ही मिळाले होते.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. कोकोचे भाव कोसळले, परकीय चलन आटले आणि आयातीला परवाना लागू लागला. 1972 साली सत्ता बळकावलेल्या जनरल अचाम्पाँग यांच्या राजवटीत सेडी या घानाच्या चलनाचा अधिकृत दर कृत्रिमरीत्या चढा ठेवण्यात आला, वस्तूंच्या किमती कायद्याने बांधल्या गेल्या आणि परवाने व सरकारी दरातील मालाच्या चिठ्ठ्या अधिकारी आणि त्यांच्या मर्जीतील लोकांना मिळू लागल्या. अनेक हातांतून फिरून आलेला माल विक्रेतीला मुळातच नियंत्रित दरापेक्षा महाग पडे. तो सरकारी भावाने विकणे म्हणजे भांडवल गमावणे होते. 1977 साली महागाईचा दर 100 टक्क्यांच्या वर गेला. या टंचाईचे मूळ धोरणात होते, परंतु लोकांचा राग जिच्या तोंडून भाव ऐकू येई त्या विक्रेतीवर निघाला, आणि हा अन्याय विसरता कामा नये.

4 जून 1979 रोजी जेरी रॉलिंग्ज यांच्या नेतृत्वाखालील सैनिकांनी सत्ता घेतली. साठेबाजीविरोधी मोहिमेत माल जप्त करून सक्तीने स्वस्तात विकण्यात आला, काही विक्रेत्या स्त्रियांना जाहीरपणे फटके मारण्यात आले आणि 18 ऑगस्ट रोजी ‘माकोला क्रमांक एक’ हा जुना बाजार सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आला. ज्यांनी परवाने वाटले त्यांच्यापैकी अचाम्पाँग यांना जूनमध्येच गोळ्या घालण्यात आल्या होत्या. बाजारातील हजारोंचे भांडवल मात्र कोणत्याही खटल्याविना गेले. भाव काही दिवस उतरले, नंतर माल बाजारातून नाहीसा झाला, कारण तो आणणाऱ्यांकडे ना पत उरली होती ना भरवसा.

सप्टेंबरमध्ये सत्ता निर्वाचित सरकारकडे गेली, पण 31 डिसेंबर 1981 रोजी रॉलिंग्ज परतले. 1983 पासून त्यांच्याच सरकारने आर्थिक सुधारणा हाती घेतल्या आणि किंमत-नियंत्रणे टप्प्याटप्प्याने मागे घेतली. पाडलेल्या बाजाराच्या जागी वाहनतळ झाला, त्याला रॉलिंग्ज पार्क हे नाव पडले; व्यापार शेजारच्या माकोलाच्या उरलेल्या भागात आणि भोवतालच्या रस्त्यांवर पसरला, आणि तो आजही प्रामुख्याने स्त्रियाच चालवतात.