फेडरलिस्ट आणि रिपब्लिकन : अमेरिकेतील पहिले पक्ष

अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखही नाही. तरीही १७८९ मध्ये तिच्यानुसार कारभार सुरू झाला आणि दहा वर्षांच्या आत देशात दोन पक्ष उभे राहिले : अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या धोरणावर चालणारा फेडरलिस्ट पक्ष आणि थॉमस जेफर्सन व जेम्स मॅडिसन यांचा रिपब्लिकन पक्ष. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या आजच्या रिपब्लिकन पक्षाशी गल्लत होऊ नये म्हणून इतिहासकार दुसऱ्याला डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणतात.

वादाला तोंड फुटले पैशावरून. स्वातंत्र्ययुद्धात राज्यांवर चढलेले कर्ज केंद्राने डोक्यावर घ्यावे, असा प्रस्ताव अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी १७९० मध्ये मांडला. त्यापाठोपाठ राष्ट्रीय बँकेचा आग्रह धरला. बँक काढण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दिलेलाच नाही, असे जेफर्सन यांचे म्हणणे. सोपवलेली कामे पार पाडायला 'आवश्यक आणि उचित' कायदे करता येतात, असे घटनाच सांगते, हे हॅमिल्टन यांचे उत्तर. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी हॅमिल्टन यांचे ऐकले आणि १७९१ मध्ये बँकेला वीस वर्षांची सनद मिळाली. घटनेतल्या शब्दांचा अर्थ किती ताणायचा, हाच या पक्षभेदाचा गाभा आहे.

फेडरलिस्टांचा जोर न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत, व्यापारी आणि जहाजमालकांत होता. ब्रिटनशी व्यापार टिकावा, ही त्यांची निकड. रिपब्लिकनांची सहानुभूती क्रांतिकारक फ्रान्सकडे होती आणि त्यांचा आधार शेतकऱ्यांत व दक्षिणेत होता. स्वतंत्र शेतकऱ्याची महती गाणाऱ्या या पक्षाचे दक्षिणेतले पुढारी गुलामांच्या श्रमावर मळे चालवत होते. ही विसंगती झाकून त्याचे वर्णन करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१७९८ मध्ये फेडरलिस्टांनी सरकारवरची टीका गुन्हा ठरवणारा राजद्रोहाचा कायदा केला आणि रिपब्लिकन संपादकांना शिक्षा झाल्या. याच कायद्याखाली तुरुंगात गेलेले व्हरमाँटचे मॅथ्यू लायन तिथूनच पुन्हा काँग्रेसवर निवडून आले. १८०० च्या निवडणुकीत फेडरलिस्ट राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स हरले.

जेफर्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि रिपब्लिकनांच्या हाती सत्ता आल्यावर भूमिका बदलल्या. परक्या देशाकडून प्रदेश विकत घेण्याचा उल्लेख घटनेत नसतानाही जेफर्सन यांनी १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुइझियाना घेतला. उलट १८१४ मध्ये न्यू इंग्लंडमधले फेडरलिस्ट हार्टफर्डला जमून राज्यांच्या हक्कांचा कैवार घेऊ लागले. १८१६ मध्ये रूफस किंग हे फेडरलिस्टांचे राष्ट्राध्यक्षपदाचे शेवटचे उमेदवार ठरले, आणि त्याच वर्षी मॅडिसन यांनी राष्ट्राध्यक्ष या नात्याने दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या सनदेवर सही केली.