काळीज कुठलं, हृदय कुठलं?

मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृत मिळतं. तेच काळीज कवितेत धडधडतं किंवा तुटतं, तेव्हा ते हृदय असतं. मराठीला ही सरमिसळ चालते. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारात शरीरात लोह साचत जातं. त्याच्या बाबतीत मात्र वैद्यकानंही बरीच वर्षं जवळपास हेच केलं. यकृतात किती लोह साठलंय ते बघायचं आणि त्यावरून हृदयाचा अंदाज बांधायचा. तो अंदाज अनेकांच्या जिवावर बेतला.

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाच्या शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन बनतच नाही. आईवडील दोघंही ‘मायनर’, म्हणजे वाहक असतात, पण स्वतः ठणठणीत. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे उल्हासनगरसारख्या शहराला हा आजार नवा नाही. बाळ पहिल्या दोन वर्षांतच फिकट पडू लागतं आणि मग दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं सुरू होतं, ते जन्मभराचं.

रक्ताच्या एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं. शरीरातून रोज बाहेर जातं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. हौदाला नळ आहे, मोरी नाही. वर्षाला पंचवीस पिशव्या धरल्या तर पाच-सहा ग्रॅम लोह आत येतं. धडधाकट माणसाच्या अख्ख्या शरीरात असतं ते तीन-चार ग्रॅम. लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन हे प्रथिन भरून गेलं की उरलेलं लोह रक्तात मोकाट हिंडतं आणि यकृत, हृदय, स्वादुपिंड, पिट्युटरी ग्रंथी अशा ठिकाणी शिरून पेशी पोखरतं. मूल अॅनिमियानं वाचतं आणि त्याला वाचवणाऱ्या रक्तातल्या लोहामुळेच विशीत त्याचं हृदय थकतं, असं पूर्वी सर्रास व्हायचं.

लोह बाहेर काढणारी औषधं आहेत. पण किती द्यायची हे ठरवायला लोह मोजायला हवं. सगळ्यात सोपी तपासणी फेरिटिनची, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाची रक्तातली पातळी बघायची. थॅलेसेमियाच्या मुलांच्या आया हा आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा तोंडपाठ सांगतात. मात्र साधा ताप आला, कावीळ झाली, तरी फेरिटिन चढतं. दिशा कळायला ते उपयोगी आहे, हिशोबाला नाही. दुसरा मार्ग म्हणजे यकृतात सुई घालून तुकडा काढायचा. रक्तस्रावाची भीती, शिवाय यकृतात लोह सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. सुई कुठे लागली त्यावर उत्तर बदलतं. आणि हृदयात काही दर वर्षी सुई घालता येत नाही.

लोह आहे तर चुंबक लावून बघावा, हा विचार तसा जुना. मायकेल फॅरेडेनं १८४५ मध्ये वाळलेलं रक्त चुंबकाजवळ धरून पाहिलं होतं. १९८२ मध्ये तर ‘स्क्विड’ या अतिसंवेदनशील यंत्रानं बाहेरूनच यकृतातलं लोह मोजून दाखवलं गेलं. पण त्याला उणे २६९ अंशांचं द्रवरूप हेलियम लागतं. जगभरात ही यंत्रं बोटांवर मोजण्याइतकीच राहिली.

उत्तर निघालं ते गावोगावच्या स्कॅन सेंटरात येऊ लागलेल्या एमआरआयमधून. एमआरआयचं यंत्र खरं तर लोह पाहतच नाही. ते पाहतं पाण्याच्या रेणूंतल्या हायड्रोजनची केंद्रकं. शाळेच्या मैदानावर शंभर मुलं एका ठेक्यात लेझीम खेळतायत असं समजा. सगळ्यांची मिळून छनक दूरवर ऐकू येते. आता मुलांच्या मधेमधे कुणी आपापले ढोल भलत्याच तालात बडवू लागले तर? जवळची मुलं आधी चुकतात, मग गोंधळ पसरतो, छनक विरून जाते. ऊतीत साठलेलं लोह म्हणजे हे ढोलवाले. प्रत्येक कणाभोवती छोटंसं चुंबकीय क्षेत्र असतं, त्यामुळे शेजारच्या हायड्रोजनचा ताल बिघडतो. लोह जितकं जास्त, तितका संकेत लवकर विझतो आणि चित्र लवकर काळं पडतं. संकेत किती मिलिसेकंदांत विझतो त्याला ‘टी-टू-स्टार’ म्हणतात.

लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात लिसा अँडरसन, डडली पेनेल आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र हृदयासाठी वापरलं आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. निरोगी हृदयाचं टी-टू-स्टार ४० मिलिसेकंदांच्या आसपास असतं. २० च्या खाली आलं की लोह साठतंय. १० च्या खाली म्हणजे धोक्याची घंटा. पण खरा धक्का दुसराच होता. हृदयातल्या लोहाचा ना फेरिटिनशी नीट मेळ बसत होता, ना यकृतातल्या लोहाशी. यकृत स्वच्छ आणि हृदय काळं, असे रुग्ण निघाले. असं का, तर यकृत लवकर भरतं आणि औषधानं काही महिन्यांत रिकामंही होतं. हृदय उशिरा भरतं आणि रिकामं व्हायला वर्षं घेतं. टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तर बहुतेकदा हृदय थकल्यावरच बिघाड दाखवतो. २००९ च्या एका अभ्यासात वर्षभरात हृदय निकामी झालेल्यांपैकी ९८ टक्के रुग्णांचं टी-टू-स्टार १० च्या खाली होतं.

वेळीच कळलं तर हे लोह निघतं, ही यातली सगळ्यात मोठी गोष्ट. औषध वाढवता येतं, बदलता येतं, दोन औषधं जोडून देता येतात. हृदयातलं लोह काढण्यात डेफेरिप्रोन सरस ठरलं. ही गोळी अमेरिकेच्या कितीतरी आधी भारतात मिळू लागली होती. ब्रिटनमध्ये १९८०-९९ च्या तुलनेत २०००-०३ मध्ये लोहामुळे होणारे मृत्यू ७१ टक्क्यांनी घटले. श्रेय एकट्या एमआरआयचं नाही, पण वाटा मोठा.

तपासणीला सुई नाही, रंगद्रव्याचं इंजेक्शन नाही, क्ष-किरणही नाहीत. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर माप घेतात, कारण बाहेरच्या भिंतीला फुफ्फुसातली हवा लागून असते आणि तीही चुंबकीय क्षेत्र बिघडवते. वर दिलेले आकडे दीड टेस्लाच्या यंत्राचे आहेत (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप). तीन टेस्लावर ते वेगळे येतात, म्हणून रिपोर्टवर यंत्र कुठलं हे बघून घ्यावं. आणि फोटो काढताना पंधरा-वीस सेकंद श्वास रोखावा लागतो. त्यामुळे ही तपासणी सहसा आठ-दहा वर्षांच्या पुढेच करतात. तपासणीच्या आधी घरी गादीवर आडवं पडून, आईनं आकडे मोजत, श्वास धरायचा सराव केलेला बरा.