फ्लॅटबेड स्कॅनरमधील रंगदोष

काचेवर पालथे ठेवलेले छायाचित्र, चित्र वा कागद स्कॅन करून संगणकात घेताना मूळ रंग आणि पडद्यावरचा रंग यांत पडणारी तफावत. एखाद्या रंगाची सर्वत्र झाक येणे, पानभर रंगीत रेघ उमटणे आणि अक्षरांच्या कडांना रंगीत किनार दिसणे हे याचे नेहमीचे प्रकार होत.

छायाचित्र संगणकात घेण्याचा पहिला प्रयोग अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी १९५७ मध्ये केला. त्या कृष्णधवल प्रतिमेत १७६ × १७६ बिंदू होते. काही लेखक स्कॅनरचा उगम येथेच धरतात. तथापि त्या यंत्रात छायाचित्र फिरत्या दंडगोलावर बसवीत असत. म्हणून सीसीडी (प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणाऱ्या) संवेदकाच्या सपाट स्कॅनरची सुरुवात १९७५च्या सुमारास, रे कर्झवाइल यांच्या अंधांसाठीच्या वाचनयंत्राबरोबर झाली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. आरंभीचे अनेक रंगीत स्कॅनर तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांसाठी तीन स्वतंत्र फेऱ्या मारीत. त्या तंतोतंत जुळल्या नाहीत, तर कडांना रंगीत किनार येई.

दोषाचा शोध घेताना स्कॅनर चुकतो आहे की मॉनिटर, हे आधी ठरवणे अगत्याचे असते. तटस्थ करडा तुकडा स्कॅन करून चित्रसंपादन प्रणालीत त्याचे तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे तीन अंक (० ते २५५) पाहावेत. ते साधारण १२८, १२८, १२८ असे सारखे असूनही पडद्यावर गुलाबी दिसत असेल, तर दोष मॉनिटरचा. १५०, १२८, १२८ असे आल्यास स्कॅनरकडे वळावे. ड्रायव्हरमधील (स्कॅनर चालवणाऱ्या संगणक-प्रणालीतील) स्वयंचलित रंगसुधारणा प्रथम बंद करावी; जुन्या कागदाचा पिवळेपणा ही सुधारणा झाक समजून पुसून टाकते व शाई निळसर करते. फ्लुओरेसंट दिव्याच्या यंत्रात दिवा तापेपर्यंत रंग सरकत राहतात. एलईडी दिव्यांत हा प्रश्न सहसा येत नाही.

रेघेचे कारण बहुधा काचेच्या चौकटीखालच्या पांढऱ्या पट्टीत असते. स्कॅनर या पट्टीवरून प्रत्येक संवेदक पेशीचे माप ठरवतो. तिच्यावर धुळीचा कण असला, की तेथील पेशीला प्रकाश कमी मिळतो असे गृहीत धरून तिचे मूल्य वाढवले जाते आणि फिकट वा रंगीत रेघ पानाच्या टोकापर्यंत जाते. ही पट्टी आतल्या बाजूस असल्याने काच वरून पुसून उपयोग होत नाही.

आयटी८.७/२ हा प्रमाणित रंगतक्ता स्कॅन करून आयसीसी प्रोफाइल (यंत्र रंग कसे नोंदते हे सांगणारी फाइल) बनवले की प्रश्न मिटतो, असे काही तज्ज्ञ मानतात. इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम (आयसीसी) ही संस्था १९९३ मध्ये स्थापन झाल्यापासून ही पद्धत रूढ होत गेली. परंतु रॉबर्ट लूथर यांनी १९२७ मध्ये मांडलेली अट, म्हणजे संवेदकाचे तिन्ही प्रतिसाद डोळ्याच्या प्रतिसादांवरून गणिताने मिळण्याजोगे असणे, सामान्य स्कॅनर पूर्णपणे पाळत नाहीत. त्यामुळे डोळ्याला एकसारखी दिसणारी दोन रंगद्रव्ये यंत्रात वेगळी नोंदली जाऊ शकतात. छायाचित्राच्या कागदावर बनवलेले प्रोफाइल जलरंगाच्या चित्राला म्हणूनच पुरे पडत नाही. माध्यमागणिक वेगळा तक्ता वापरणे श्रेयस्कर. हायलायटरची प्रस्फुरक शाई तर प्रोफाइल असूनही फिकी उतरते.

छापील चित्रावर उमटणारी जाळी डीस्क्रीन पर्यायाने कमी होते. पातळ कागदाची मागची छपाई पुढे दिसत असल्यास पाठीमागे काळा कागद ठेवतात.