जीएनएमनंतर अमेरिकेत बी.एस.एन.: क्रेडिट परीक्षांचा मार्ग, पात्रता आणि कागदपत्रे

घरी अभ्यास करून, नुसत्या परीक्षा देऊन अमेरिकेत नर्सिंगची बॅचलर पदवी, म्हणजे बी.एस.एन., मिळते का? निम्मी मिळते. पदवीतले इंग्रजी, मानसशास्त्र, समाजशास्त्र, गणित असे सामान्य विषय स्वतः वाचून, परीक्षा देऊन सोडवता येतात. नर्सिंगचे मुख्य विषय मात्र विद्यापीठातच करावे लागतात, आणि नर्स होण्याचं मूळ प्रशिक्षण तर कुठल्याच परीक्षेने भरून निघत नाही. म्हणून हा मार्ग ज्यांच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं आर.एन. (नोंदणीकृत परिचारिका) लायसन्स आधीच आहे, त्यांच्या कामाचा. महाराष्ट्रातून जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून, एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा उत्तीर्ण होऊन तिकडे नोकरीला लागलेल्या परिचारिका आणि ब्रदर यांना डोळ्यांसमोर ठेवून ही माहिती दिली आहे.

या पद्धतीची सुरुवात न्यूयॉर्क राज्यात झाली. १९७१ मध्ये तिथल्या बोर्ड ऑफ रीजंट्सने वर्गात न बसता पदवी देणारा कार्यक्रम काढला. त्याचं पुढे रीजंट्स कॉलेज झालं, २००१ मध्ये एक्सेलसियर कॉलेज आणि २०२२ मध्ये एक्सेलसियर युनिव्हर्सिटी. त्यांचा असोसिएट (बॅचलरच्या खालची पदवी) नर्सिंगचा कार्यक्रम एलपीएन (आर.एन.च्या खालच्या दर्जाची नर्स), पॅरामेडिक अशा आधीच रुग्णसेवेत असलेल्यांसाठी होता. लेखी परीक्षा संपल्या की शनिवार-रविवार धरून रुग्णालयात खऱ्या रुग्णांवर प्रात्यक्षिक परीक्षा घेतली जाई, आणि ती भल्याभल्यांना जड गेली. तरीही कॅलिफोर्नियाच्या नर्सिंग बोर्डाने ६ डिसेंबर २००३ पासून त्या कार्यक्रमात नाव नोंदवलेल्यांना लायसन्स नाकारलं. कारण एकच: शिकत असताना शिक्षकांच्या देखरेखीखाली केलेले रुग्णालयातले तास त्यात नव्हते. इतर काही राज्यांनीही जादा तासांची अट घातली. त्यामुळे ‘घरबसल्या आर.एन. व्हा’ अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी ज्या राज्यात काम करायचं आहे, तिथल्या बोर्डाचं लेखी उत्तर घ्या.

जीएनएमवर नोकरी मिळाली असताना बी.एस.एन. कशाला, हेही पाहू. न्यूयॉर्कमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये कायदा झाला, त्याला बोलीभाषेत ‘बीएसएन इन टेन’ म्हणतात. नव्याने लायसन्स घेणाऱ्या आर.एन.ने दहा वर्षांत नर्सिंगची बॅचलर पदवी मिळवायची. कायद्याच्या वेळी लायसन्स असलेल्यांना आणि नर्सिंग शिकत असलेल्यांना त्यातून सूट आहे. उत्तम परिचर्येसाठी मिळणाऱ्या मॅग्नेट दर्जाच्या रुग्णालयांत नर्स मॅनेजर व्हायला नर्सिंगची पदवी लागतेच. नर्स प्रॅक्टिशनरच्या बहुतेक अभ्यासक्रमांनाही तीच पायरी आहे.

कोण पात्र

आर.एन.-टू-बी.एस.एन. कार्यक्रमाला साधारणपणे चालू आणि निर्बंध नसलेलं अमेरिकन आर.एन. लायसन्स लागतं. त्यासोबत नर्सिंगचा डिप्लोमा किंवा असोसिएट पदवी. इथे पहिली अडचण येते. काही विद्यापीठं परदेशी डिप्लोमा थेट घेतात, काहींना तो असोसिएट पदवीच्या तोडीचा असल्याचा मूल्यांकन अहवाल लागतो, काही घेतच नाहीत. फोनवर ‘येस, वी ॲक्सेप्ट’ ऐकून अर्जाचं शुल्क भरू नका. ‘भारतातला जीएनएम डिप्लोमा, तीन वर्षांचा’ असं स्पष्ट लिहून ईमेलने विचारा. कार्यक्रमाला एसीईएन किंवा सीसीएनई यांपैकी एकाची मान्यता आहे का, हे त्या मान्यता संस्थेच्याच यादीत तपासा. मान्यता नसलेल्या पदवीवर पुढे एम.एस.एन.ला (नर्सिंगच्या मास्टर्स पदवीला) प्रवेश मिळणं कठीण होतं.

क्रेडिटचा हिशेब, आणि जीएनएम कुठे कमी पडतं

क्रेडिट हे अभ्यास मोजण्याचं एकक. बॅचलर पदवी म्हणजे अशी सुमारे १२० सेमिस्टर क्रेडिट. बहुतेक ठिकाणी त्यातली ९० पर्यंत बाहेरून आणता येतात. उरलेली ३० च्या आसपास त्याच विद्यापीठात करायची. ही ३० म्हणजे संशोधन, आरोग्य तपासणी, सामुदायिक आरोग्य, नेतृत्व आणि शेवटचा कॅपस्टोन, म्हणजे समारोपाचा प्रकल्प. लायसन्सच्या आधारे नर्सिंगच्या मूळ विषयांची क्रेडिट एकगठ्ठा मिळतात. मधे जी पोकळी उरते ती सामान्य विषयांची, आणि परीक्षांचा उपयोग तिथेच.

ही पोकळी का उरते ते तासिकांवरून कळतं. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले सुमारे १५ तास, म्हणजे तीन क्रेडिटच्या विषयाला ४५ तास. भारतीय परिचर्या परिषदेच्या तीन वर्षांच्या जीएनएम अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया मिळून ९० तास, सूक्ष्मजीवशास्त्र ३० तास, मानसशास्त्र ४० तास आणि समाजशास्त्र २० तास आहेत. समाजशास्त्राचे २० तास म्हणजे जेमतेम एक क्रेडिट. तीन क्रेडिटच्या चौकटीत ते बसत नाही. मानसशास्त्र पाच तासांनी हुकतं. उत्तम गुण मिळवलेल्या मुलींनाही अहवालात हे विषय ‘अपुरे’ म्हणून दिसतात, तेव्हा धक्का बसतो. त्यात गुणांचा दोष काही नाही, तास मोजले जातात. शिवाय जीएनएमला बारावी कला शाखेतूनही प्रवेश मिळतो, त्यामुळे अनेकींच्या कागदांवर रसायनशास्त्र आणि गणित नसतंच.

कोणती परीक्षा कशाला चालते

सर्वांत रुळलेली क्लेप. ती कॉलेज बोर्ड घेतं. बहुतेक पेपर ९० मिनिटांचे, संगणकावर, बहुपर्यायी. गुण २० ते ८० च्या पट्टीवर मिळतात आणि ५० गुणांना क्रेडिट द्यावं अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. नापास झालात तर तोच पेपर तीन महिन्यांनी देता येतो.

जीएनएमवाल्यांना उपयोगी पेपर असे: इंट्रोडक्टरी सायकॉलॉजी, इंट्रोडक्टरी सोशिऑलॉजी आणि ह्यूमन ग्रोथ अँड डेव्हलपमेंट, प्रत्येकी ३ क्रेडिट. कॉलेज अल्जिब्रा ३, कॉलेज कॉम्पोझिशन ६, ह्युमॅनिटीज ३. सुरुवात ह्यूमन ग्रोथने करावी. एरिक्सन, पियाजे, बाळाच्या वाढीचे टप्पे हे बालरोग परिचर्येत शिकलेलं असतं, त्यामुळे तीन-चार आठवडे रोज तासभर पुरतो. समाजशास्त्र त्याहून वेळ खातं, कारण आपण शिकलो ते भारतीय कुटुंब, जात, ग्रामीण समाज असं, आणि पेपरात अमेरिकन समाज आणि तिथले सिद्धांतकार येतात. कॉलेज कॉम्पोझिशनमध्ये बहुपर्यायी प्रश्नांशिवाय दोन निबंध असतात, एकूण १२५ मिनिटं. दुसरा निबंध दिलेल्या उताऱ्यांचा संदर्भ देत लिहायचा असतो. संदर्भ न देता नुसतं मत मांडलं की गुण जातात. इंग्रजीत लिहिण्याचा सराव नसेल तर हा पेपर शेवटी ठेवा. त्याचाच मॉड्युलर हा प्रकार आहे, पण तो चालेल का हे विद्यापीठाला विचारल्याशिवाय देऊ नका.

क्लेपमध्ये संख्याशास्त्र नाही. बी.एस.एन.ला मात्र ते जवळपास सगळीकडे लागतं. त्यासाठी डीएसएसटी या दुसऱ्या परीक्षेत प्रिन्सिपल्स ऑफ स्टॅटिस्टिक्स हा ३ क्रेडिटचा पेपर आहे. ४०० गुण म्हणजे उत्तीर्ण, आणि पुन्हा द्यायची तर ३० दिवस थांबायचं.

शरीररचना आणि सूक्ष्मजीवशास्त्र क्लेपमध्येही नाहीत. क्लेपचा बायॉलॉजी पेपर ६ क्रेडिटचा असला तरी तो सामान्य जीवशास्त्राचा आहे, या दोन्हींच्या जागी धरत नाहीत. ही चूक वारंवार होते: दोन महिने जीवशास्त्राचा अभ्यास, पेपर उत्तीर्ण, आणि ती सहा क्रेडिट ‘फ्री इलेक्टिव्ह’ (ऐच्छिक विषय) च्या रकान्यात जाऊन पडतात. मूल्यांकनात हे विषय कमी पडले तर कम्युनिटी कॉलेजमध्ये प्रयोगशाळेसह घेणं सर्वांत खात्रीचं. बऱ्याच विद्यापीठांत विज्ञान विषय पाच-सात वर्षांहून जुने चालत नाहीत, तेव्हा जुन्या जीएनएमवाल्यांनी हा प्रश्न आधीच विचारावा.

कागदपत्रं

पहिला कागद म्हणजे विषयवार मूल्यांकन अहवाल. सीजीएफएनएस ही फिलाडेल्फियाची संस्था नर्सिंगसाठी तो करते. २०२५ मध्ये तिने ट्रूमेरिट असं नाव घेतलं. लायसन्ससाठी पूर्वी केलेला अहवाल असेल तर त्याचीच प्रत विद्यापीठाला पाठवता येते का ते पाहा. मात्र लायसन्ससाठीचे काही अहवाल फक्त ‘समकक्ष आहे’ एवढंच सांगतात. विद्यापीठाला प्रत्येक विषयाची क्रेडिट आणि श्रेणी दिसणारा अहवाल हवा असतो, म्हणून ‘कोर्स-बाय-कोर्स’ हाच प्रकार निवडा.

या अहवालासाठी महाराष्ट्रातून दोन गोष्टी थेट जाव्या लागतात. नर्सिंग स्कूलकडून ट्रान्सक्रिप्ट, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी. तुमच्या हातून गेलेला कागद बाद होतो, मग तो अस्सल का असेना. ट्रान्सक्रिप्टच्या नमुन्यात प्रत्येक विषयासमोर थिअरीचे तास आणि प्रात्यक्षिकाचे तास असे दोन वेगळे रकाने असतात. शाळेतला क्लार्क बरेचदा सगळे तास एकत्र लिहितो, किंवा नुसते गुण भरतो. तसा अर्ज अडकून पडतो आणि पुन्हा सगळी फेरी करावी लागते. म्हणून नमुन्यासोबत तुमच्या बॅचच्या अभ्यासक्रमाची तासिकांची पानं जोडून द्या आणि प्राचार्यांना प्रत्यक्ष भेटणारं एखादं माणूस गावाकडे ठेवा. प्राचार्यांची सही, शाळेचा गोल शिक्का, आणि लिफाफ्याच्या चिकटवलेल्या कडेवर आडवा मारलेला शिक्का, हे तिन्ही पाहूनच कुरिअर करायला सांगा. शाळा बंद झाली असेल तर ज्या मंडळाने परीक्षा घेतली त्याच्याकडे अर्ज करावा लागतो, त्याला महिने लागतात.

नावाचा घोळ हे उशिराचं फार मोठं कारण. आपल्या बारावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. डिप्लोमावर बहुधा माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि अमेरिकन लायसन्सवर मधलं नाव गळलेलं. तिकडच्या कारकुनाला या तीन वेगळ्या बायका वाटतात. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, नाव बदललं असल्यास राज्यपत्रातली प्रसिद्धी आणि ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, हे तीन कागद सुरुवातीलाच अर्जाला जोडा. क्लेपची नोंदणी करताना ओळखपत्रावर आहे तसंच नाव घाला. फरक असला तर केंद्रावरून परत पाठवतात आणि शुल्क बुडतं.

क्रम उलटा करू नका

आधी परीक्षा आणि मग विद्यापीठ, हा क्रम पैसे वाया घालवतो. कारण परीक्षा उत्तीर्ण झाल्याने क्रेडिट मिळत नाही, ते विद्यापीठाने मान्य केल्यावर मिळतं. एखादं ६० क्रेडिटपर्यंत परीक्षा स्वीकारतं, एखादं ३० वर थांबतं, आणि काही विद्यापीठं कॉम्पोझिशन परीक्षेने घेतच नाहीत.

मूल्यांकन अहवाल हाती आला की दोन-तीन विद्यापीठांना पाठवून अनौपचारिक हिशेब मागा. प्रवेश घेतल्यावर अधिकृत डिग्री ऑडिट मिळतं. त्यात प्रत्येक रिकाम्या चौकटीसमोर कोणता विषय हवा ते असतं. सल्लागाराला ईमेल करा: ‘या चौकटीत क्लेपची इंट्रोडक्टरी सोशिऑलॉजी, ५० गुणांसह, चालेल का?’ होकार आल्यावरच नोंदणी करा आणि तो ईमेल पदवी हाती येईपर्यंत जपून ठेवा, सल्लागार बदलतात. पेपर देतानाच विद्यापीठाचं नाव निवडलं तर गुण मोफत जातात, नंतर पाठवायला पैसे पडतात. केंद्रावर हातात मिळणारा कागद अधिकृत धरत नाहीत.

नोंदणी केल्यानंतर बाहेरून परीक्षा देण्यावर काही विद्यापीठं बंदी घालतात किंवा शेवटच्या ३० क्रेडिटमध्ये ती घेत नाहीत. त्यामुळे परीक्षा पहिल्या सहा-आठ महिन्यांत उरकाव्यात.

खर्च

क्लेपचं शुल्क शंभर डॉलरच्या आत, वर केंद्राचं शुल्क. त्याच तीन क्रेडिटना खासगी विद्यापीठात हजार डॉलर सहज लागतात. मॉडर्न स्टेट्स ही संस्था मोफत अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना क्लेपचं व्हाउचर देत आली आहे, ते आधी पाहा. रुग्णालयाच्या शिक्षण मदतीत वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते. त्यात परीक्षा शुल्क बसतं का आणि किती वर्षं नोकरी बांधली जाते, हे एचआरकडून लेखी घ्या. सरकारी विद्यार्थी मदत ग्रीन कार्ड असलेल्यांना मिळू शकते, एच-१बी वर नाही.

सामुदायिक आरोग्याच्या विषयाला प्रत्यक्ष काम असतं का, आणि किती तास, हेही प्रवेशाआधी विचारा. कॅलिफोर्नियात पब्लिक हेल्थ नर्सचं प्रमाणपत्र हवं असेल तर त्या विषयात देखरेखीखालचे ९० तास लागतात. ते नसलेली बी.एस.एन. तिथे पुरत नाही.

भारतात परतण्याचा विचार असेल तर ही पदवी इथल्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.सारखी आपोआप धरली जाईल असं समजू नका. समकक्षतेसाठी भारतीय परिचर्या परिषदेकडे अर्ज करावा लागतो. त्यासाठी प्रत्येक कोर्सचा तपशीलवार सिलॅबस, तासांसह, विद्यार्थी खातं बंद होण्याआधीच उतरवून ठेवा. पदवी मिळाल्यावर ते पान पुन्हा उघडत नाही.