एकाच रंगीत निगेटिव्हच्या दोन कृष्णधवल प्रती

रंगीत निगेटिव्हवरून डार्करूममध्ये कृष्णधवल प्रत काढायची, तर साधा ब्रोमाइड पेपर (कृष्णधवल छपाईचा नेहमीचा कागद) घेतला काय आणि पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सर्व रंगांच्या प्रकाशाला प्रतिसाद देणारा, पेपर घेतला काय, सारखेच, असा समज सहज होतो. कारण दोन्हींवर करड्या छटांचेच चित्र उमटते. प्रत्यक्षात हे दोन कागद एकाच निगेटिव्हमधून दोन निराळी छायाचित्रे काढतात.

रंगीत निगेटिव्हमध्ये रंगद्रव्यांचे तीन थर असतात. दृश्यातल्या निळ्या प्रकाशाची नोंद पिवळ्या थरात होते, हिरव्याची किरमिजी थरात आणि लालाची निळसर-हिरव्या थरात. साधा ब्रोमाइड पेपर मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत असल्यामुळे त्याला यांपैकी जवळजवळ एकच थर कळतो, तो निळा प्रकाश अडवणारा पिवळा. लाल शालू नेसलेल्या नवरीचे उदाहरण घ्या. शालूतून निळा प्रकाश फारसा परतत नाही, म्हणून निगेटिव्हमध्ये त्या जागी पिवळा थर विरळ राहतो, एन्लार्जरचा (निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश टाकणाऱ्या यंत्राचा) निळा प्रकाश तेथून मोकळेपणी कागदावर पडतो, प्रकाश पडेल तिथे कागद काळा होतो आणि शालू जवळजवळ काळा छापला जातो. कपाळावरचे कुंकू आणि ओठही तसेच काळवंडतात, त्वचेवरचे डाग उठून दिसतात, तर निळे आकाश पांढरेफटक पडते. शिवाय निगेटिव्हचा नारिंगी मास्क, म्हणजे त्यावर सर्वत्र असणारी नारिंगी छटा, नेमका निळा प्रकाश अडवत असल्याने एक्स्पोजर (कागदावर प्रकाश पाडण्याचे प्रमाण) बरेच वाढवावे लागते, आणि रंगीत निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट मुळातच कमी असल्याने कडक ग्रेडचा, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढवणारा, कागद घ्यावा लागतो.

पॅनक्रोमॅटिक पेपर, उदाहरणार्थ कोडॅकचा पॅनाल्युअर, तिन्ही थर वाचतो; त्यामुळे शालू डोळ्यांना भासतो तितपतच गडद येतो. मात्र लाल प्रकाशही या कागदाला कळत असल्याने डार्करूममधला नेहमीचा लाल दिवा लावता येत नाही आणि काम जवळपास पूर्ण अंधारात करावे लागते. कोडॅकने 2005 मध्ये कृष्णधवल कागदांचे उत्पादन थांबवले.

माणसांच्या चेहऱ्यांसाठी मी निःसंशय पॅनक्रोमॅटिक प्रतच पसंत करेन. तरीही साध्या कागदाची प्रत चुकीची म्हणणे मला पटत नाही, कारण एकोणिसाव्या शतकातल्या सुरुवातीच्या काचेच्या प्लेट्सनाही प्रामुख्याने निळाच प्रकाश कळत असे आणि त्या काळच्या छायाचित्रांतली पांढरी आकाशे त्यातूनच आलेली आहेत. आज निगेटिव्ह स्कॅन करणाऱ्याला हा फरक संगणकावर पाहता येतो: पॉझिटिव्ह केलेल्या स्कॅनचा फक्त निळा चॅनल (चित्रातली निळ्या प्रकाशाची नोंद) ठेवला की साध्या कागदाच्या जवळचे चित्र मिळते, आणि तिन्ही चॅनल योग्य प्रमाणात मिसळले की पॅनाल्युअरच्या जवळचे.